लव्हेंडर आणि सकाळची गोळी

बाळकुमच्या त्या मसाज सेंटरच्या पत्रकात लिहिलं होतं की लव्हेंडरचं तेल पेशींमधली जुनी दुःखं धुऊन काढतं. मी ते दोनदा वाचलं. दुःखांना पेशीएवढी जागा पुरते, ही माहिती मला नवीन होती. पण माझी धाकटी बहीण तिथल्या पहिल्या मालिशनंतर घरी येऊन दुपारी तीन तास गाढ झोपली. गेलं वर्षभर ती नैराश्याच्या गोळ्या घेत होती, डोंबिवलीचं घर बंद करून माझ्याकडे राहत होती, आणि इतकी झोप तिला कधी लागली नव्हती. पत्रकाबद्दलचं मत मी स्वतःजवळ ठेवलं.

चौथ्या आठवड्यात मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "ताई, गोळ्या बंद केल्यात मी. दहा दिवस झाले."

मी हातातली जुडी खाली ठेवली. मागे तिने अशाच परस्पर बंद केल्या होत्या, तेव्हा महिनाभर पलंगावरून उठली नव्हती. आंघोळसुद्धा मी घालत होते.

"डॉक्टरांना विचारलंस?"

"बरं वाटतंय तर विचारायचं काय? तुला ना, माझं बरं झालेलं बघवतच नाही."

वाद घातला असता तर ती दार लावून बसली असती. पुढचे दोन दिवस ती हसली तरी मला धास्ती, गप्प बसली तरी धास्ती.

पुढच्या मालिशला मी सोबत गेले, भांडायच्या तयारीने. मालिश करणारी बाई कोपरीहून यायची. चाळिशीची, जाड मनगटांची. पत्रकातलं एकही वाक्य तिच्या तोंडी नव्हतं. मी गोळ्यांचं सांगताच तिने बहिणीचा फॉर्म काढला. 'सध्या चालू असलेली औषधं' यापुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'नाहीत'. तेही पहिल्याच दिवशी, गोळ्या चालू असताना. माझ्या बहिणीने सरकारी कचेरीत तीस वर्षं लोकांचे अपुरे अर्ज परत पाठवले होते.

"काय हो मॅडम," बाई तिला म्हणाली, "खोटं लिहून माझ्यापुढे झोपता होय? उद्या काही झालं तर मालक तेलाचं नाव घेणार नाहीत, माझं घेतील."

"लाज वाटली लिहायची," बहीण म्हणाली.

"कसली लाज? नवरा गेला तेव्हा मी पण असल्या गोळ्या घेतलेल्या. मी पाठ मोकळी करते, झोप लागते, जरा हलकं वाटतं. गोळीचं काम या तेलाला जमायचं नाही. आधी डॉक्टरांना भेटून या. तोवर मी हात लावणार नाही."

बहीण उठली. त्याच संध्याकाळी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, गोळी पुन्हा सुरू करायची, मालिश हवी तर चालू ठेवा, आणि यापुढे मला विचारल्याशिवाय काही बंद करू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्यासमोर गोळी गिळली. मी बघतच होते.

"तोंड उघडून दाखवू का आता?" ती फणकारली.

"दाखव."

तिने आ केला. मी चष्मा लावला आणि जिभेखालीसुद्धा पाहिलं.