रेखा जाते

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. बदलापूरला घरी बसून मी ऑनलाइन पायथन प्रोग्रामिंग शिकवते, अगदी नवशिक्यांना. 'कॉम्प्युटर सांगितलं तेवढंच करतो' हे रोज बोलणारी बाई मी... त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

माझ्या दुपारच्या बॅचला मोरिवलीची वैशाली आहे. आनंदनगरला एका केमिकल कंपनीत पॅकिंगला. पावडरने छाती भरते, खोकून खोकून जीव जातो, म्हणून तिला तिथून सुटून ऑफिसातलं काम हवंय. क्लास संपला की बाकीचे 'बाय' टाकून पळतात. ही मात्र रोज म्हणणार, "येते, मॅडम." मी चिडवायचे, "अगं, घरातच तर बसलीयेस!"

त्या दिवशी मुद्दाम तसाच प्रोग्राम दिला. नाव टाकायचं, की स्क्रीनवर नावापुढे 'येते' उमटायचं. बस्स. वैशालीने स्क्रीन शेअर केली. मागे तिची शेजारीण रेखा घाई करत होती — दोघी एकाच शिफ्टला.

"माझं नाव टाक ना, बघू!" रेखा म्हणाली.

उमटलं — रेखा जाते.

"वैशाली, निघताना 'जाते' म्हणतं का कुणी? नीट कर ते!" मी ओरडले.

"मॅडम, मी 'येते'च लिवलंय. बघा ना."

बघितलं. दोन-तीन ओळींचा प्रोग्राम, त्यात 'जाते' कुठेच नव्हतं. पुन्हा चालवला, पुन्हा तेच. रेखा खदाखदा हसली. "तू बस चुका काढत, मी निघाले. गाडी सुटेल."

वैशाली हट्टी. चूक शोधत बसली आणि कंपनीची गाडी चुकली. त्याच शिफ्टला प्लँटमध्ये गॅस सुटला... रेखा गेली.

नंतर तोच प्रोग्राम मी माझ्याकडे चालवला. 'रेखा येते' असं आलं. बरोबर उत्तर होतं, पण ते वाचून मी लॅपटॉपच मिटला.

काल क्लासनंतर वैशाली एकटीच थांबली. दुसरं काम मिळालेलं नाही, रात्रीच्या शिफ्टपासून परत त्याच कंपनीत जायचं होतं.

"मॅडम, माझं नाव टाकून बघू?"

"नको गं बाई, हात जोडते!"

पण कीबोर्ड वाजलाच. तिची स्क्रीन मला दिसत नव्हती.

"काय आलं?"

कीबोर्डचा आवाज थांबला. मग म्हणाली, "येते, मॅडम." आणि गेली.

स्क्रीनवरचं वाचून दाखवलं, की रोजच्यासारखा निरोप घेतला? मला कळलं नाही. दुपारी क्लास आहे, मी आत्तापासूनच लॉगिन करून तिची वाट बघत बसलेय.