नमुन्याच्या तुकड्यांची गोधडी

लग्नाला वर्ष व्हायच्या आत आम्ही चाकणजवळच्या आमच्या गावातून चिंचवडला राहायला आलो. पिंपरीत औषधांचा नवा कारखाना निघाला होता, तिथे ह्यांना काम लागलं. गावठाणात नदीच्या अंगाला एक खोली मिळाली. सामान म्हणजे चार भांडी, एक ट्रंक आणि एक घोंगडी. थंडी पडायला लागली तसं ते पांघरूण दोघांना पुरेना.

गावी आत्याबाईंकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे, गोधड्यांची चळत होती. पण मुलानं शेती सोडून कारखाना धरला हे त्यांना रुचलं नव्हतं. निघताना त्या दारापर्यंतही आल्या नव्हत्या. त्यांच्याकडे पांघरूण मागायला ह्यांना जड जात होतं, आणि मलाही. मी म्हटलं, आपणच एक शिवू. शिवायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की गोधडीला जुनी लुगडी लागतात, विरलेली धोतरं लागतात. आमच्या घरात जुनं असं काही नव्हतंच. माझी लग्नातली लुगडी अजून कडक होती.

पिंपरीला सिंधी निर्वासितांची छावणी होती. तिथल्या बाजारात एक बाई खाटेवर कापडाचे तुकडे मांडून बसायची. गिरण्या व्यापाऱ्यांना नमुने दाखवतात ते हे तुकडे. सगळे एका मापाचे चौकोन, सुतळीनं बांधलेले गठ्ठे. कोणी झबल्याला नेई, कोणी पिशवीला. मी गोधडीसाठी हवेत म्हटल्यावर ती पहिल्यांदा नीट माझ्याकडे बघून बोलली. तिच्याकडे गोधडीला रल्ली म्हणतात आणि ती असल्याच चौकोनांची करतात, असं तिनं मोडक्या मराठीत सांगितलं. मी तिला काकी म्हणायला लागले.

सुरुवातीला मला फारच सोपं वाटलं. कात्री हातात धरायची नाही, मापायचं नाही. जमिनीवर चौकोन मांडले की रंगांची जुळणी डोळ्यांपुढे दिसायची. आवडली नाही तर उचलून परत मांडायची. स्वयंपाक आटोपला की मी चारसहा तुकडे जोडून टाकायची. गावी आत्याबाईंना लुगडं फाडून, ठिगळं सरळ करून घेण्यातच निम्मा वेळ जायचा, तो माझा सगळा वाचला.

मग एकेक अडचण समोर आली. नव्या कापडाला खळ होती, सुई शिरता शिरेना. बोटं सोलवटली. काही तुकडे जाडेभरडे, काही रेशमासारखे निसरडे, शेजारी शेजारी जोडले की पातळ कापड टाक्यापाशी फाटायचं. आणि सगळ्यात मोठी चूक मापाची झाली. प्रत्येक चौकोनाच्या चारही कडा शिवणीत दुमडल्या जातात, हे मी धरलंच नव्हतं. मांजरपाटाचं अस्तर लावून गोधडी तयार झाली तेव्हा ह्यांचे पाय बाहेर. हे पाय पोटाशी घेऊन झोपले. पुढे धुतली तेव्हा लाल तुकड्यांचा रंग पांढऱ्यांवर उतरला आणि मधे मधे कापड आकसून चुण्या पडल्या.

मी ती तशीच काकीकडे नेली. तिनं उलटसुलट करून पाहिली. तुकडे आधी मिठाच्या पाण्यात भिजवायचे, पण चोळायचे नाहीत, पिळायचे नाहीत, नाहीतर कडांचे दोरे सुटतात. आणि जाड जाडाबरोबर, पातळ पातळाबरोबर जोडायचं, असं तिनं समजावलं. मग म्हणाली, की आत जुनं कापड असतं तर चुण्या एवढ्या दिसल्या नसत्या.

चतुर्थीला आत्याबाई चिंचवडच्या देवळात आल्या आणि आमच्याकडे उतरल्या. मुलानं गाव सोडल्यापासून पहिल्यांदाच. मी त्यांना तीच गोधडी पांघरायला दिली, दुसरी नव्हतीच. सकाळी त्यांनी ती मांडीवर घेऊन टाके बघितले.

"टाका सरळ हाय तुजा," त्या म्हणाल्या. "पर कापड अंगाला टोचतंय. आत माणसाचं नेसलेलं काय न्हाई."

मी घरात जुनं काही नसल्याचं सांगितलं. पुढच्या खेपेला येताना त्यांनी आपली दोन लुगडी आणली, धुऊन धुऊन मऊ झालेली. एक आम्ही दोघींनी बसून गोधडीला खालून लावलं आणि पायाकडे वाढवूनही घेतलं.

दोऱ्यासाठी पिंपरीला गेलो तेव्हा मी त्यांना काकीकडे नेलं. दोऱ्याचा रंग जुळवायला दुसरं लुगडं आत्याबाईंच्या पिशवीत होतं. काकीनं त्याचा पदर दोन बोटांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. सिंधमधून येताना अंगावरच्या कपड्यांनिशी आलो, ती म्हणाली, आईची, सासूची एकही ओढणी आली नाही. इथे रल्ल्या केल्या त्या सगळ्या ह्या नव्या तुकड्यांच्या.

नेसलेलं लुगडं परक्याला देऊ नये, असं आमच्या गावात मानतात. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीतून ते लुगडं काढून खाटेवर ठेवलं.

"घे बाई," त्या म्हणाल्या. "आत घाल."

काकीनं एक गठ्ठा सोडला आणि त्यातले मऊ तेवढे तुकडे निवडून आत्याबाईंच्या ओटीत टाकले.

दोनेक वर्षांनी ती दिरांकडे उल्हासनगरला गेली. तिच्या जागी भांडीवाला बसायला लागला. मग मी गावठाणातल्या शिंप्याकडून कात्रणं आणू लागले, वेड्यावाकड्या आकाराची. ती मापात कापायला मला तेव्हा शिकावं लागलं, आणि माझे चौकोन पुष्कळ दिवस तिरकेच यायचे.