सूर्याचे डाग मी मोजले

सरांनी माझ्या हातात चहाचा ट्रे दिला. समोरच्या बोर्डावर माझीच चित्रं लावलेली होती.

"तू बोलू नकोस," सर म्हणाले. "पाहुण्या मोठ्या आहेत. तुझे उच्चार... समजून घे. सानिका बोलेल. तू चहापाण्याचं बघ."

चिंचवडच्या कॉलेजातलं विज्ञान प्रदर्शन. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. बोर्डावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सूर्य स्वतःभोवती किती दिवसांत फिरतो?' खाली माझ्या वर्गातल्या सानिकाचं नाव. मार्गदर्शक म्हणून सरांचं. माझं कुठेच नाही. शोधलं मी. कोपऱ्यातसुद्धा शोधलं.

आम्ही चऱ्होलीत राहतो. दोन खोल्या, वर गच्ची. अप्पा लातूरकडून आलेले, चाकणला एका वर्कशॉपात वेल्डर. जुन्या बाजारातून मी एक दुर्बीण आणली. एक नळी फुटलेली, एक धड. अप्पांनी भंगारातल्या अँगलचा स्टँड जोडून दिला. "बघ आता हलतंय का," म्हणाले. हलत नव्हतं.

दुर्बिणीला डोळा लावायचा नाही. डोळाच जाईल. सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडायचं आणि त्यावरचे काळे डाग पेन्सिलीनं टिपायचे. रोज सकाळी साडेआठला, न चुकता. एक मोठा डाग सूर्याच्या कडेला उगवला आणि रोज थोडा थोडा सरकत दुसऱ्या कडेला गेला. डाग कुठला जातोय, सूर्यच फिरत होता. माझ्या कागदावर फिरत होता! त्या दोन आठवड्यांत मी कुणाशी धड बोललेसुद्धा नाही.

दोन दिवस ढग होते. ते दोन गोल मी कोरे ठेवले. प्रदर्शनासाठी कागद सरांना दिले, तेव्हा ते म्हणाले, "अंदाजानं भरून टाक. कोण बघतंय?" मी भरले नाहीत. तेव्हापासून त्यांचा माझ्यावर राग.

पण तेवढंच नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. "अच्छा," म्हणाले. एवढंच. ते 'अच्छा' मला शाळेपासून ओळखीचं आहे. त्यानंतर माणूस तुमच्याशी जरा सावकाश बोलायला लागतो. तुम्हाला कमी समजतं असं धरून.

पाहुण्या बाई आल्या. सानिकानं पाठ केलेलं म्हटलं. उत्तर सत्तावीस दिवस.

बाईंनी विचारलं, "पुस्तकात तर पंचवीसच्या आसपास असतं ना?"

सानिका सरांकडे बघायला लागली. सर हसले. "मोजण्यातली चूक आहे, मॅडम. चित्रं काढणारी मुलगी तशी... नवीन आहे. अशा मुलांकडून अचूकतेची अपेक्षा कशी करणार?"

अशा मुलांकडून.

मी ट्रे टेबलावर ठेवला. आवाज झाला. दोन कप आडवे झाले.

"चूक नाही," मी म्हणाले. "ती चित्रं माझी हायेत. डाग रोज साधारण सव्वातेरा अंश सरकतो. म्हणून आपल्याला दिसतात सत्तावीस दिवस. पण तेवढ्या दिवसांत पृथ्वीपण पुढं गेलेली असती. तोच डाग परत आपल्यासमोर यायला सूर्याला एका फेरीपेक्षा जास्त फिरावं लागतं. ते जास्तीचं वजा केलं की पंचवीस येतात. शेवटच्या पानावर लिहिलंय. सरांनी ते पान लावलंच नाही."

माझे उच्चार जसे होते तसेच आले.

बाई म्हणाल्या, "अगदी बरोबर." मग सरांकडे वळून, कौतुकानं, "चुणचुणीत आहे हो! आमच्या कामवालीची मुलगीपण अशीच आहे." आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

बरोबर म्हणाल्या, पण चित्रं कुणाची हे विचारलं नाही. नाव बदला म्हणाल्या नाहीत.

मी बोर्डावरचे कागद एकेक करून काढले. सर अंगावर आले. "फुकटात सीट मिळालीय ना? मग गप्प बसायला शिक. उद्या माफीपत्र आण. प्रॅक्टिकलचे मार्क माझ्याच हातात आहेत."

घरी आई म्हणाली, "देऊन टाक की लिहून. आपण कुठं पुरणार त्यांना?"

अप्पा हात धुत होते. "चूक तुझी हाय का?"

"नाही."

"मग कशाची माफी?"

दुसऱ्या दिवशी मी लिहून नेलं. माफी नाही, प्राचार्यांच्या नावानं तक्रार. त्यात ते 'अच्छा'सुद्धा लिहिलं. ऑफिसातले क्लार्क हळूच म्हणाले, "विचार कर, पोरी. वर्ष वाया जाईल."

"पोहोच द्या," मी म्हणाले. त्यांनी शिक्का मारला.

त्याला तीन महिने झाले. उत्तर नाही. प्रॅक्टिकलला मी काठावर पास. सानिका नजर चुकवते. सर हजेरी घेताना माझा नंबर गाळतात. मी उभी राहते, नंबर मोठ्यानं सांगते आणि तो लिहिल्याशिवाय बसत नाही. वर्ग हसतो. हसू दे.

तक्रार मी मागे घेणार नाही. हे कॉलेज सोडणार नाही. एम.एस्सी.ला जाईन, तिथेही कुणीतरी आडनाव विचारेल. मी सांगेन, पूर्ण सांगेन. आणि यापुढे माझ्या कामावर दुसऱ्याचं नाव दिसलं, तर त्या नावावर मी काट मारीन. सगळ्यांच्या देखत मारीन.