गाडीची किनार

कापडावर छापलेल्या नावावर माझा विश्वास नाही, कारण ते नाव छापणारी मीच होते. सुरतेत कोसाडला राहायला आल्यापासून कितीतरी वर्षं मी एका कारखान्यात कापडाच्या घड्या घातल्या. शेजारच्याच गल्लीतल्या लूमवर विणलेलं कापड आमच्याकडे यायचं आणि त्याच्या किनारीवर आम्ही बाया इस्त्रीने सोनेरी अक्षरं उमटवायचो. कधी जपानचं नाव, कधी इटलीचं. मग तेच कापड घ्यायला बाजारात झुंबड उडायची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! तेव्हापासून कुठलीही वस्तू हातात आली की मी आधी तिची किनार उलटी करून बघते.

गाडी घ्यायची ठरली ती मुलीसाठी. ती साक्रीजवळच्या गावात दिलेली. पहिल्या खेपेला ती पोटुशी असताना बसने आमच्याकडे आली आणि आल्यावर दोन दिवसांत सगळं संपलं. डॉक्टरीण म्हणाली, बसचा काही संबंध नाही. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, तू बसली होतीस का त्या बसमध्ये? आता तिला पुन्हा दिवस गेले होते. ओटी भरली की तिला बाळंतपणाला घरी आणायचं होतं, आणि या खेपेला काही झालं तरी तिला बसमध्ये चढू द्यायचं नव्हतं.

आमचे हे जन्मभर लूम दुरुस्त करणारे मास्तर. काम सोडल्यावर ते हौसेने गाडी शिकले होते. त्यांचं मत पक्कं होतं. "देशी लूम रोज रडस, परदेशी लूम काम करस. गाडीनं बी तसंच ऱ्हास," ते म्हणायचे. जावई उलट टोकाचे. त्यांना देशीच हवी, पत्रा जाड म्हणून. ते रोज मोबाइलवर गाड्या भिंतीवर आपटून दाखवणारे व्हिडिओ पाठवायचे. मी ते नीट बघायची आणि विचारायची, "ही आपटायला गाडी दिली कोणी?" ते पुढचा व्हिडिओ पाठवायचे.

आधी परदेशी गाडीच्या शोरूममध्ये गेलो. गार हवा, गुळगुळीत फरशी, आणि विकणाऱ्या पोराचं हसू ओठांवर चिकटवल्यासारखं. मी खाली वाकून पायाखालची चटई उचलली, दाराचं रबर ओढून आत काय ते बघितलं. पोरगा कासावीस झाला. मी त्याला सरळ विचारलं, "ही बनते कुठे?"

"कंपनी परदेसी छे, मासी. पण गाडी तो आपणा गुजरातमां ज बने छे," तो अभिमानाने म्हणाला.

मला हसूच फुटलं. म्हणजे इस्त्री इथेही फिरलेलीच! ह्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं.

मग देशी गाडीच्या शोरूममध्ये. तिथला माणूस देशाबद्दल इतकं भरभरून बोलला की मला संशय आलाच. थोडं खोदून विचारल्यावर म्हणाला, "इंजिन मात्र बाहेरच्या कंपनीकडून शिकून बनवलंय, म्हणून तर चांगलं आहे." कुठेही जा, पळसाला पाने तीनच. परदेशी म्हणून विकतात ती इथली, आणि देशी म्हणून विकतात तिचं काळीज बाहेरचं.

शेवटी मी देशीवर बोट ठेवलं. तिचं दार ओढलं की जड लागायचं, आणि मला माझ्या पोरीभोवती काहीतरी जड हवं होतं. बाकी कारण विचाराल तर नाही. ह्यांनी दोन दिवस धुसफूस केली. गाडी घरी आली तेव्हा मात्र हार त्यांनीच आणला.

ओटी भरण्याच्या दिवशी सकाळी निघालो. हे चालवत होते, मी मागे बसले होते, कान लावून. कुठे काही खडखडतंय का, दरवाजा वाजतोय का. बारडोली गेली, सोनगड गेलं, कोंडाईबारीचा घाटही उतरलो. गाडीने हूं की चूं केलं नाही. मला ते शांत राहणंसुद्धा खरं वाटेना. गावाच्या फाट्यावर जावई मोटारसायकल घेऊन रस्ता दाखवायला उभे होते. आमचं लक्ष नव्हतं, त्यांना ओलांडून सरळ पुढे गेलो. मागून हॉर्न वाजत होता, पण रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवतंच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. शेवटी त्यांनी पुढे येऊन मोटारसायकल आडवी घातली, तेव्हा कुठे हे थांबले.

ओटी भरली, जेवणं झाली. हे अंगणात गाडी पुसत होते. मुलगी दारात उभी राहून गाडीकडे बघत होती. हिरव्या साडीत इतकी गोड दिसत होती की मला तिची दृष्ट काढावीशी वाटली. मी म्हटलं, "चल, बस. दार लावून बघ कसं जड आहे."

तिने माझा हात धरला. "माय, मी यष्टीमाच येसू."

मला वाटलं, गाडी आवडली नाही. परदेशी हवी होती की काय हिला?

"गाडी चांगली शे," ती म्हणाली. "पन फाटावर तुना जावई मांगे इतला हॉर्न वाजाडत होते. बाबाले एक बी ऐकू उना नही. घाटमा ट्रक ऱ्हातस, माय."

जन्मभर लूमच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाचे कान गेलेले असणार, हे पोरीला कळलं. घरात आम्ही सगळेच ओरडून बोलतो. सुरतेत आमच्या वस्तीत कोण हळू बोलतं? गाडीच्या प्रत्येक तुकड्यावर मी संशय घेतला, आणि ती चालवणाऱ्यावर एकदाही नाही. त्या बसचं नाव मला नको होतं. तरी पोरीचं खरं होतं.

ह्यांनी फडकं झटकलं आणि आमच्याकडे बघून हसत विचारलं, "काय म्हनी ऱ्हायनी पोर?"

मी हळूच सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मग मला ते ओरडून सांगावं लागलं, आणि सगळ्या गल्लीने ऐकलं.