रस्त्याखाली गेलेलं दुकान

आमचं तळघर कुणी खोदलेलं नाही. ते नांदेडमधल्या आमच्या गल्लीच्या रस्त्यानं केलं. मी लहान होतो तेव्हा अब्बांच्या गादीच्या दुकानात पायऱ्या चढून जावं लागायचं. मग निवडणूक आली, जुन्या रस्त्यावर नवा रस्ता ओतला गेला. पुढच्या निवडणुकीला आणखी एक थर. जुना उकरायचाच नाही, ही आमच्याकडची पद्धत. दर वेळी नगरसेवक नारळ आमच्याच उंबऱ्यावर फोडायचे, कारण अब्बा सगळ्या घोळक्याला चहा पाजायचे. आता दुकानात पायऱ्या उतरून जावं लागतं. ऊन येत नाही, पाणी येतं.

कापसात पाणी शिरलं की धंदा संपला. गेल्या पावसाळ्यात एका लग्नाच्या गाद्या भिजल्या आणि अब्बा पहिल्यांदा म्हणाले, "बंद करतो बेटा. लातूरला तुझ्या बहिणीकडं जाऊन बसतो." कापूस पिंजण्याशिवाय या माणसानं जन्मात काही केलेलं नाही. बसतो म्हणे!

मी पत्रकं काढणारा पोरगा. 'एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याच्या घरात पाणी का?' हे पत्रक मी वॉर्डात घरोघर वाटलं. महापालिकेत अर्ज दिले. साहेब म्हणाले, "नालीची लेव्हल बघावी लागेल." बघायला कुणी फिरकलं नाही.

शेवटी मोटार बसवली. दुकानाच्या कोपऱ्यात फरशी फोडून खड्डा घेतला, भोकं पाडलेलं प्लास्टिकचं पिंप त्यात उतरवलं, भोवती खडी भरली, आत मोटार. खड्ड्यात पाणी चढलं की तरंगता गोळा वर येतो आणि मोटार आपोआप सुरू होते. पण उपसलेलं पाणी सोडायचं कुठं? नाली तुंबलेली. प्लंबर म्हणाला, "रस्त्यावर. समदे तिथंच सोडून राहिलेत."

पहिल्या जोरदार पावसात मोटार घरघरली. फरशी कोरडीठाक. अब्बा पाईपवर हात ठेवून उभे, आजारी माणसाची नाडी बघावी तसे. "चालू हाय," म्हणत, "चालू हाय."

पाऊस उघडला तशा समोरच्या मावशी आल्या. अंगणवाडीतून रिटायर झालेल्या. अम्मी आजारी होती तेव्हा आमच्या भाकरी त्यांच्याच तव्यावर व्हायच्या. त्यांचं घर आमच्याहूनही खाली. साडी पोटरीपर्यंत भिजलेली, हातात माझं पत्रक.

"वाच की रे मोठ्यानं, पुढाऱ्या."

"मावशी, दोष रस्त्याचा हाय. त्या नगरसेवकाला जाब—"

"त्याचा पाईप माझ्या दारात न्हाई. तुझा हाय."

मी उताराचं, थरांचं सांगू लागलो. शब्दन् शब्द खरा होता. अब्बांनी तेवढ्यात बटण बंद केलं.

"अब्बा, कापूस भिजंल!"

"भिजू दे. बाई त्या घरात झोपती. कापसाला काय सर्दी होती का?"

मावशी नरमल्या. "बंद कशाला करता, भाईजान? पाईपचं तोंड तेवढं फिरवा." फिरवणार कुठं? दुसऱ्या बाजूला दुसऱ्या कुणाचं तरी दार होतं.

पावसाळा सरायच्या आत कापसाला बुरशी धरली. पिंजायचं यंत्र भंगारवाल्याच्या गाड्यावर चढताना अब्बा आत त्याच्याकडं पाठ करून उभे होते. मग लातूरच्या एसटीत बसले. खिडकीतून म्हणाले, "मावशीशी भांडू नको."

त्याच महिन्यात नगरसेवक पुन्हा नारळ घेऊन आले. आमचा उंबरा रस्त्याखाली गेलेला, म्हणून दगडावर फोडला. मी पुढं घुसलो, "आधी जुना रस्ता उकरा!" त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला, आमच्या पाईपकडं बोट केलं आणि लोकांना म्हणाले, "बघा, हा पोरगा रडत बसला का? मोटार बसवली! प्रत्येकानं हेच करावं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी माझ्या हातात खोबऱ्याचा तुकडा कोंबला. मावशी दारात उभ्या होत्या, फक्त त्यांनीच टाळी वाजवली नाही.

लातूरला जायच्या आधी अब्बांनीच त्या मोटारीची वायर काढून ठेवली होती.