राऊत काकांचा लाल टॅग

मरोद्यात आमच्या शेजारी राऊत काका राहायचे. आता ते नाहीत, आणि गल्लीत इतकी शिस्त परत कोणी लावली नाही. स्टील प्लांटमधून रिटायर झाले तरी तिथल्यासारखंच सकाळी चहा उकळायच्या आधी घरच्यांना अंगणात उभं करून सेफ्टीवर भाषण द्यायचे. "आज दूध गरम आहे. उतू जायचा धोका. कोणाले काही डाउट?"

काकू म्हणायच्या, "मले एकच डाउट आहे. तुमाले रिटायर काऊन केलं?"

काका होते मेंटेनन्सला. तिथला नियम असा, की दुरुस्तीला मशीन बंद केली की तिला कुलूप लावायचं, लाल टॅग अडकवायचा, आणि ज्यानं टॅग लावला त्यानंच काढायचा. काकांनी तो नियम घरी आणला. कूलरला टॅग, मिक्सरला टॅग. एकदा कुम्हारीच्या पाहुण्याच्या स्कूटरचा ब्रेक ढिला दिसला, तर तिला टॅग लावून स्वतः बाजारात निघून गेले. पाहुणा मुक्कामाला राहिला. मी त्यांची नक्कल करायचो, तर रागवायचे नाहीत, चुका काढायचे. "आवाज बरोबर आहे बे, पण हेल्मेट कुठी आहे?"

त्यांची सून रुपाली वहिनी. तिला लहानपणापासून फिट यायच्या. लेकरू हवं म्हटल्यावर ती आधी डॉक्टरकडे गेली. जुन्या गोळीनं पोटातल्या बाळाला जास्त धोका, म्हणून डॉक्टरनं हळूहळू गोळी बदलून दिली. नवी मात्र रोज घ्यायची, चुकवायची नाही. मग दिवस राहिले. सगळं नीट चालू होतं, तेवढ्यात कॅम्प-1च्या बाजारात काकांना कोणीतरी सांगितलं, की फिटच्या गोळ्यांनी लेकरू अधू होते. काका तडक घरी आले आणि गोळ्यांच्या डब्याला कुलूप. वर टॅग.

"बाबा, चाबी द्या. गोळीचा टाइम झाला."

"इन्क्वायरी होईपर्यंत बंद."

"अन् मले फिट आली, पडली मी, तर पोटातल्याचं काय?"

"म्हणून तर बंद केलं ना बेटा!"

कुलूप तोडता आलं असतं, पण काकांनी उद्या त्याहून मोठं लावलं असतं. वहिनीनं वाद घातला नाही. काका अंगणात फेऱ्या मारत होते, तोवर तिनं संडासाला कुलूप लावलं आणि टॅग अडकवला. वर लिहिलं, "काम चालू आहे. रुपाली."

टॅग म्हणजे टॅग. काकांनी कडीला हातसुद्धा लावला नाही. थोड्या वेळानं आमच्या दारात उभे, हातात बादली. "तुमचं चालू आहे का?"

मागून वहिनी माझ्या आईला ओरडली, "काकू, आत येऊ देऊ नका!" आईनं दार लावून घेतलं.

"रुपाली, हे अनसेफ आहे!"

"मी बी तेच म्हणून राहिली, बाबा. डॉक्टरले विचारू चला."

"पहिले टॅग काढ."

"पहिले तुमी काढा."

दोन्ही टॅग सोबतच निघाले. वहिनीनं उभ्याउभ्याच गोळी घेतली. काका कुठे धावले ते सांगायला नको.

दवाखान्यात त्यांनी मला साक्षीदार म्हणून नेलं. डॉक्टर म्हणाले, "जुन्या गोळीचा धोका आपण आधीच टाळला. ही अशी अचानक बंद केली तर मोठी फिट येऊ शकते. जिवावर बेतू शकतं, दोघांच्याही."

"म्हणजे आता धोका झिरो?"

"झिरो नाही. कमी."

जन्मभर झिरो ॲक्सिडेंटच्या पाटीखाली काम केलेला माणूस त्या 'कमी'वर अडकला. ऑटोतून उतरताना म्हणाले, "कमीवर झोप कशी लागते रे लोकाईले?"

दुसऱ्या दिवसापासून गोळीच्या वेळेला काका शिट्टी फुंकायला लागले. गल्लीतले म्हातारे आपापल्या बीपीच्या गोळ्या त्याच शिट्टीवर घ्यायचे.

मुलगी झाली. नर्सनं तिला बाहेर आणलं तसे आम्ही सगळे तुटून पडलो. कोणी बोटं मोजतंय, कोणी पाठ बघतंय, सगळं नीट आहे पाहून काकू तर रडायलाच लागल्या. काका कुठे दिसेनात. मी आत डोकावलो. ते खाटेजवळ पाण्याचा गिलास धरून उभे होते.

वहिनीनं विचारलं, "बाबा, पोरगी पाहिली?"

"पाहीन ना. पहिले तू गोळी घे."