खुशालरावांची अमरावती

टाकळीच्या कोणत्याही माणसाला अमरावतीत काम निघालं, की तो आधी खुशालरावांच्या ओट्यावर येऊन बसे. कोर्टाची तारीख असो, दाढ काढायची असो, नाहीतर लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायचा असो, खुशालरावांशिवाय गावाचं पान हलत नसे. खुशालरावही हातचं काही राखत नसत. टांग्यात बसण्याआधी भाडं ठरवून घ्यावं, पाणी स्टेशनच्या नळावरच पिऊन घ्यावं, खानावळीत जोडे नजरेसमोर ठेवावेत, आणि कोणी फारच गोड बोलायला लागला तर आधी आपला कमरेचा पैशांचा कसा चाचपून पाहावा, असा सगळा उपदेश ते सुपारी कातरता कातरता करत. एवढं ऐकूनही समोरच्याचं तोंड उतरलेलंच दिसलं तर म्हणत, "मी येतो ना संगं." आणि खरंच जात.

आता खरं सांगायचं तर त्यांची अमरावती कापूस बाजारापासून सुरू होत होती. तरणेपणापासून ते कापसानं भरलेली बैलबंडी घेऊन जात. टाकळीच्या बंड्या रात्री जेवणखाण आटोपलं की एकामागे एक निघत. बैलांना वाट पाठ होती, त्यामुळे बंडीवाला कापसात अंग टाकून खुशाल झोपे, आणि डोळे उघडावेत तर बाजार आलेला असे. म्हणजे शहरात शिरायची वाट बैलांना ठाऊक होती आणि नाव खुशालरावांचं झालं होतं. पुढे रेल्वेनं जायची वेळ आली तरी ते माणसाला आधी कापूस बाजारात नेत आणि मग तिथून हव्या त्या ठिकाणी. गावातल्या गोवर्धनला त्यांनी वकिलाकडे असंच नेलं होतं. शेजारच्या उत्तमरावांना दाढेसाठी नेलं तेव्हा तर इतकी पायपीट झाली की डॉक्टरच्या दारात पोचेस्तोवर दाढ दुखायचीच थांबली. त्याचंही श्रेय उत्तमराव खुशालरावांनाच देत. वाटेत कोणाला विचारू म्हटलं की मात्र खुशालरावांच्या कपाळाला आठ्या पडत. "मी संगं असताना इचारतं काहून?" एवढंच ते म्हणत.

साऱ्या गावाला अमरावती दाखवून आणणाऱ्या या माणसानं बायकोला तेवढं कधी नेलं नव्हतं. गोदाबाईंनीही कधी हट्ट धरला नव्हता. पण त्यांचा एक डोळा मोतीबिंदू काढतो म्हणत गावात आलेल्या वैदूच्या सुईनं आधीच गेला होता, आणि आता दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला. चुलीतला विस्तव विझला की नाही, हे त्या हात जवळ नेऊन पाहू लागल्या. नागपूरचे डोळ्यांचे डॉक्टर मोठ्या दवाखान्यात येणार आहेत, अशी बातमी देवी टोचणाऱ्यानं आणली. त्या दिवशी दुपारच्या आत नाव लागलं तर ऑपरेशन होईल, नाहीतर डॉक्टर येणार ते पावसाळा सरल्यावर. तोवर डोळा तगेल का, हे काही तो सांगेना.

बडनेऱ्याला गाडी बदलून दोघं सकाळीच अमरावतीला उतरली. खुशालरावांनी टांगा ठरवला आणि ऐटीत सांगितलं, "कापूस बाजारात चाल."

"बाजार तो बंद पडा है, बाबा. वहाँ क्या करोगे?" टांगेवाला म्हणाला.

"तू चाल ना बावा. आमाले मालूम हाये," खुशालराव म्हणाले.

बाजारात उतरून त्यांनी टांगा परत पाठवला आणि मागे वळून पाहतात तो बाजार ओळखूच येईना. वैशाखात, कापसाचा हंगाम सरल्यावर, ते इथं कधी आलेच नव्हते. त्यांना ठाऊक असलेला बाजार बंड्यांनी भरलेला होता. बंड्यांच्या रांगांमधून जी गल्ली राही तीच त्यांची वाट. आज समोर नुसतं रखरखीत मैदान होतं आणि त्याला चारी बाजूंनी फाटकं होती. यातलं आपलं फाटक कोणतं, हे त्यांना काही केल्या उमजेना.

तरी गडी हटला नाही. गोदाबाईंच्या हाती उपरण्याचं टोक देऊन ते तरातरा निघाले. कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या भिंतीपाशी रस्ता संपला. तिथून वळले, मशिदीवरून गेले, एक नाला ओलांडला, पुन्हा वळले. ऊन चढत होतं. गोदाबाई मुकाट्यानं मागे चालत होत्या. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "अजी, सरकीचा वास पुना येऊन राहिला."

ती दोघं पुन्हा बाजारातच आली होती.

"येथूनच रस्ता फुटते," खुशालराव म्हणाले.

"मी इचारू का कोणाले?"

त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो प्रश्न जास्त लागला. खुशालराव रागानं वळले. गोदाबाईंनी चेहरा वर केला होता आणि त्यांचा तो उरलेला एकच डोळा उजेड कुठं आहे ते शोधत होता. सूर्य माथ्यावर यायला आला होता. खुशालरावांना आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.

फाटकाशी भाजीची पाटी घेऊन तानुबाई नावाची माळीण बसली होती. खुशालराव तिच्यापाशी गेले, पण सवय कुठं जाते. परीक्षा घ्यायला आल्यासारखे ते म्हणाले, "काव बाई, मोठा दवाखाना तुले मालूम हाये का?"

"मले मालूम हाये. तुमाले नाई का?" तिनं वांग्यांवर पाणी शिंपडत विचारलं.

खुशालराव पाटीपाशी खाली वाकले. "नाई मालूम. सांग माय."

तानुबाईनं हात करून वाट दाखवली आणि वर म्हणाली, "स्टेशनावून आले ना तुमी? मंग दवाखान्याच्या समोरूनच आले असान."

खुशालरावांनी गोदाबाईंचा हातच धरला आणि जवळजवळ धावतच निघाले. वाटेत आणखी दोघांना विचारलं. दवाखान्यात कंपाउंडर नावनोंदणीची खिडकी लावून घेत होता, तेवढ्यात त्यांनी गोदाबाईंचं नाव ओरडून सांगितलं.

ऑपरेशन झालं. डोळा निभावला, असं डॉक्टर म्हणाले. काही दिवस पडून राहिल्यावर गोदाबाईंना घरी सोडलं, पण पट्टी आणखी काही दिवस ठेवायची होती. स्टेशनकडे जाताना टांग्यात त्या उजळल्या चेहऱ्यानं बसल्या होत्या. अमरावती त्यांनी अजून पाहिलीच नव्हती.

टांगा एका मोठ्या इमारतीवरून वळला. लोकांची गजबज ऐकून त्यांनी विचारलं, "हे काय हाये जी?"

खुशालरावांनी तोंड उघडलं. कोर्ट म्हटलं असतं तरी चाललं असतं, लाटसाहेबाचा बंगला म्हटलं असतं तरी खपलं असतं. पट्टीआडून कोण तपासणार होतं?

"मले नाई मालूम," ते म्हणाले. "थांब, टांगेवाल्याले इचारतो."

गोदाबाईंनी चाचपत नवऱ्याचा हात हाती घेतला.

"आपल्या दोघांत असं सांगत जा जी," त्या म्हणाल्या. "गावात मात्र नोका सांगू. तेथं लोकाइले तुमचा आधार हाये."